उसना उजेड

"जरा सरका हो," असं म्हणत मी सरळ खिडकीशी गेले.

खोली रिकामी असणार या भरवशावर मी आत शिरले होते. टायपिंगचे क्लास उठून गेल्यापासून ती रिकामीच पडली होती, आणि तिथल्या दोन मोठ्या खिडक्या मी आपल्याच समजून वापरत होते. त्या दिवशी मात्र तिथे खोक्यांच्या गराड्यात एक उंच माणूस पंख्याचं पातं हातात घेऊन उभा होता. त्याच्याकडे नीट बघायलाही मला सवड नव्हती. एका हातात रेशमी साडी, दुसऱ्या हातात दोऱ्याची रिळं, आणि मागे माझ्या दुकानात गिऱ्हाईक ताटकळलेलं.

साडीचा काठ उजेडात धरला. तरी मन खात्री देईना.

"हा काळा आहे का निळा?"

"मला विचारताय?"

"इथे दुसरं कोण आहे?"

त्याने पातं खाली ठेवलं, हात पँटला पुसले, जवळ येऊन अगदी गंभीरपणे काठ बघितला. "काळा," तो म्हणाला.

तो असं म्हणाला आणि मला एकदम स्पष्ट दिसलं. "निळा आहे! गडद निळा. डोळे तपासून घ्या एकदा."

"मग विचारलंत कायकू?"

मी निळं रीळ बाजूला काढलं आणि फणकाऱ्याने निघाले. दारापर्यंत पोचते तोच मागून आवाज — "काचीगुड्यात थँक्यू म्हणायची पद्धत नाही वाटतं!" मी काही वळले नाही. पण हसू आलं, खोटं कशाला बोलू?

माझं नाव सत्यवती. आजीचं नाव बाबांनी हौसेने मला दिलं, आणि तेव्हापासून सगळ्यांना मी साठ वर्षांची असेन असं वाटतं. घर जामबागला, दुकान काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत. केशवरावांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ओळीने तीन खोल्या, आणि बाजूने एक अरुंद बोळ. पुढची खोली रस्त्याकडे, मागच्या खोलीत घरमालक केशवरावांची अडगळ न् वाळवणाचे पापड, आणि मधली माझी. ब्लाउज, फॉल, पिको. शेजारच्या इमारती दोन्ही अंगांनी भिंतीला भिंत लावून उभ्या, त्यामुळे माझ्या खोलीला खिडकी नाही. एकही नाही!

दुसऱ्या कुठल्या धंद्याला हे चाललं असतं. पण ट्यूबलाइटखाली रंग कसे फसवतात ते आम्हा शिवणाऱ्यांना विचारा. काळ्याचा निळा होतो, बाटलीहिरव्याचा काळा. डेलाइट म्हणून मिळणारा बल्बही लावून पाहिला, त्याने तर अबोली न् गुलाबी एक करून टाकले. मागच्या लग्नसराईत मी एका नवरीच्या आमसुली शालूला तपकिरी दोऱ्याने फॉल लावून दिला होता. नवरीची आई चारचौघींत म्हणाली, "रंग कळत नाहीत तर दुकान कशाला थाटलंस गं?" ते इतकं लागलं की त्यानंतर प्रत्येक साडी मी उजेडात धरल्याशिवाय रीळ मशीनला लावत नसे.

म्हणजे त्या खिडक्या मला हव्याच होत्या. आणि त्यांच्यापुढे आता हा बसला होता.

दोन दिवस मी साड्या घेऊन खाली रस्त्यावर गेले. ऑटोवाल्यांनी हॉर्न वाजवले, चहाच्या टपरीवरच्या एका काकांनी "पोरी, किती वार आहे?" असं विचारलं. तिसऱ्या दिवशी अभिमान गुंडाळून ठेवला आणि पुढच्या खोलीचं दार वाजवलं.

"या," तो म्हणाला. "आज काय, काळा का निळा?"

त्याचं नाव युवराज बिरादार. इमारतींचे खांब आणि तुळया तपासून त्यांची दुरुस्ती सुचवणारा इंजिनिअर. घरचे लोक भालकीकडे शेती करणारे, हा शिकायला हैदराबादला आला तो इथलाच झाला.

"युवराज," मी म्हणाले. "आणि राज्य?"

"एवढंच. एक टेबल, दोन खिडक्या. त्यातल्या एका खिडकीवर शेजारच्या राज्याने हल्ला केलाय."

मग ते रोजचंच झालं. मी साडी घेऊन जायची, तो कागद बाजूला सरकवून जागा करायचा. रंगांच्या बाबतीत तर हा माणूस म्हणजे कहर! त्याच्या लेखी लाल, निळा, हिरवा, पिवळा — संपलं. मी त्याला एकेक नाव सांगायची.

"हा डाळिंबी."

"लाल."

"हा गुलबक्षी."

"लालच की!"

"अहो, आणि हा विटकरी. निदान हा तरी ओळखा, विटांमध्ये जन्म गेला तुमचा!"

तो मान तिरकी करून काठाकडे बघायचा, मग हळूच माझ्याकडे... आणि मी पुन्हा काठाकडे. मला आतून काहीतरी होऊ लागलं होतं. ते काय होतं ते मला पुरतं कळत होतं, उगाच वेड घेऊन पेडगावला जाण्यात अर्थ नाही.

पण एक दिवस फजिती झाली. मी आपली सवयीने दार ढकललं आणि "हे बघा, तुमचा लाल!" असं मोठ्याने म्हणत आत गेले, तर समोर तीन पोक्त माणसं नकाशे पसरून बसलेली. त्यातल्या एकाने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी साडीसकट उलट्या पावली बाहेर आले. मशीनवर बसले, कान गरम झालेले, आणि ठरवलं की मेले तरी आता तिकडे जाणार नाही.

संध्याकाळी तो स्वतः आला. दारातच उभा राहिला, खोलीभर नजर फिरवली, आणि वर बघत बसला. माझ्या हाताखाली काम करणाऱ्या कुसुमताई काज करता करता थांबल्या.

"छतात काय शोधताय?" मी विचारलं.

"ही मधली भिंत," तो म्हणाला. "तुमची न् माझी. हिच्यावर कसलाच भार नाही, वरची तुळई सगळं पेलते. दाराच्या उंचीच्या वर, तुळईच्या खाली एवढी पट्टी मोकळी केली आणि काच बसवली, तर माझ्या खिडक्यांचा उजेड तुमच्या टेबलापर्यंत येईल."

"आणि तुमचे पाहुणे माझ्या खोलीत डोकावतील. इथे बायका मापं द्यायला येतात, म्हटलं!"

"म्हणून तर वर. तिथे कुणाचे डोळे पोचत नाहीत. उजेड तेवढा येतो."

कुसुमताई लगेच "हौ, चांगलं होईल" म्हणून मोकळ्या झाल्या. मी मात्र अडून बसले. मला उसनं घेण्याची सवय नाही. शेजारणीकडून वाटीभर साखर आणायची वेळ आली तर मी बिनसाखरेचा चहा पिते.

"मला कुणाचा उपकार नको," मी म्हणाले.

"उपकार कसला? उजेड तुमच्याकडे गेला म्हणून माझ्याकडे कमी होणार आहे का? काचेचा न् मिस्त्रीचा खर्च तुम्ही करा, मी नुसतं कुठे कापायचं ते सांगतो."

तो गेल्यावर कुसुमताई म्हणाल्या, "माणूस सरळ आहे गं." मी मशीन जोरात चालवायला घेतली.

अडलं ते केशवरावांपाशी. ऐकताच त्यांनी कानांवर हात ठेवले. "आषाढात भिंत फोडायची? नक्को बावा! आषाढात कुणी घराला हात लावतं का? श्रावण लागू दे, मग काय करायचं ते करा."

आता बघा. आषाढात इकडच्या तेलुगू लोकांत लग्नं नाहीत, म्हणून मला सवड. श्रावण लागला की त्यांच्याकडे लग्नं, वरलक्ष्मीची पूजा, साड्यांचे ढीग. तेव्हा खोलीत सिमेंटची धूळ उडवून कसं चालेल? मी परोपरीने सांगितलं, केशवराव ढिम्म. युवराज शांतपणे त्यांच्यासमोर पाटावर बसला.

"केशवराव, आषाढात नवीन काम काढत नाहीत. बरोबर?"

"बिलकुल बरोबर."

"आणि छत गळायला लागलं तर?"

"तर काय, दुरुस्त करायचं. गळक्यात बसतं का कुणी?"

"मग ही दुरुस्तीच आहे. बांधणाऱ्याने खिडकी ठेवायची राहून गेली, ती चूक आपण दुरुस्त करतोय."

केशवरावांनी भिंतीवरचं कॅलेंडर चाळलं. मग म्हणाले, "अमावस्या सोडून काय ते करा. आणि धूळ माझ्या पापडांवर आली तर याद राखा."

काम झालं ते एका भुरभुर पावसाच्या सकाळी. मिस्त्रीने कटर लावला, विटांची धूळ उडाली, आणि भिंतीच्या माथ्याशी एक आडवी फट पडली. फटीतून पहिल्यांदा उजेड आला तेव्हा मी झाडू हातात घेऊन तशीच उभी राहिले. मग चौकट बसली, पाण्यासारख्या स्वच्छ काचा लागल्या. हवेसाठी दोन काचांना युवराजने दोरीने उघडणाऱ्या झडपा ठेवायला लावल्या. माझं छतही पांढरं करून घ्यायला लावलं, म्हणजे उजेड छतावरून पुढे सरकतो म्हणे. आणि खरंच सरकला! माझ्या कापायच्या टेबलावर तो मऊ, सावलीचा उजेड पसरला, आणि मी कपाटातली सगळी रिळं काढून त्याच्यात मांडली. मोरपंखी मोरपंखी दिसत होता, श्रीखंडी श्रीखंडी. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या.

तो दारात उभा होता. "आता येणार नाही ना तुम्ही माझ्याकडे?" त्याने विचारलं.

"कशाला येऊ? काम काय आता?"

"हां... तेही बरोबर," तो म्हणाला, आणि गेला.

हे मात्र आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. उजेड आला न् येणं-जाणं बंद झालं.

पण साहेबांच्या हिशेबात आणखी एक गोष्ट सुटली होती. डोळे पोचणार नाहीत याची सगळी काळजी घेतली, कानांचं काय? झडपा उघड्या असल्या की इकडचा शब्द न् शब्द तिकडे. हे मला कळलं ते असं. एका दुपारी कुसुमताईंनी विषय काढला की पुढचे साहेब दिसायला चांगले आहेत. मी म्हणाले, "चांगले कसले! रोज तो वाळक्या पानासारखा शर्ट. त्यांच्या अंगाच्या रंगावर मोरपंखी किती खुलेल, पण सांगणार कोण?"

दुसऱ्या दिवशी साहेब बोळातून मोरपंखी शर्ट घालून गेले. घडीच्या रेषाही मोडल्या नव्हत्या.

मी थिजले. मग मागचं सगळं आठवलं. काय काय बोललो होतो आम्ही! तो चालतो कसा, हसताना एका गालावर खळी कशी पडते... देवा रे! ताडकन उठून दोरी ओढली आणि दोन्ही झडपा लावून टाकल्या. पलीकडून बारीक खोकल्याचा आवाज आला.

"हसू नका!" मी भिंतीला म्हणाले.

"हसत नाही," भिंत म्हणाली. "रंग बरोबर आणला का तेवढं सांगा."

"...बरोबर आहे."

चार दिवस झडपा बंद ठेवल्या. पाचव्या दिवशी कुसुमताई घामाने निथळत म्हणाल्या, "अय्यो, तुझ्या लाजेपायी मी उकडून मरू का?" तेव्हा उघडल्या.

आणि त्याच आठवड्यात तो फोन झाला.

मी एका पैठणीच्या काठाला हातशिलाई करत होते. पलीकडून त्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा, अगदी भिंतीजवळून; गावी वडिलांशी बोलत होता. "होय आप्पा. पुण्याची कंपनी चांगली आहे, बोलावतायत... इथलं काम? बरं चाललंय की. पण थांब म्हणणारं तर पाहिजे ना कुणीतरी! म्हटलं कुणी तर बघू. नाहीतर श्रावण संपला की निघतो."

सुई बोटात घुसली. रक्ताचा थेंब पैठणीला लागू नये म्हणून मी हात झटकन मागे घेतला, आणि तसाच धरून बसले.

त्याला माहीत होतं मला ऐकू जातं. बोळात जाऊनही बोलता आलं असतं त्याला. मग?

तो जाणार हे कळलं तेव्हा मला पहिल्यांदा स्वतःशी कबूल करावं लागलं की मला तो हवा आहे. नुसता आवडतो असं नाही. हवा आहे. सकाळी बोळात त्याच्या चपलांचा आवाज आल्याशिवाय माझी मशीन सुरू होत नव्हती. एक शब्द म्हणायचा होता, "थांबा." पण तो तोंडातून निघेना, कारण त्याच दिवसांत केशवराव एका माणसाला पुढची खोली दाखवायला घेऊन आले. कपड्याच्या गठ्ठ्यांचं गोदाम करणार होता तो. बोळात उभं राहून त्याने सांगितलेलं मी ऐकलं: या मधल्या भिंतीला खालून वरपर्यंत लाकडी घोडे लावून गठ्ठे रचतो, खिडक्यांना पत्रे मारतो.

म्हणजे युवराज गेला की माझा उजेड गेला.

"आता तरी सांग त्याला राहायला," कुसुमताई म्हणाल्या.

"कशी सांगू? आता थांबा म्हटलं तर त्याला काय वाटेल? हिला खिडकी पाहिजे म्हणून विनवतेय, असंच ना?"

"तसं नाही वाटायचं त्याला."

"मला वाटेल ना पण!"

झडपा बंद होत्या तेव्हा. एवढी अक्कल आली होती.

श्रावण भरभर निघून चालला. काम भरपूर होतं, एकही रंग चुकला नाही, आमसुली शालूवाल्या बाईंनी धाकट्या लेकीचे ब्लाउज माझ्याकडेच टाकले. आणि मी संध्याकाळी दुकान बंद केलं की दिलसुखनगरपर्यंत खोल्या बघत हिंडत होते. दाखवणारे विचारायचे, "पाणी? लिफ्ट?" मी विचारायची, "खिडकी कुठल्या बाजूला?" शेवटी बरकतपुऱ्याला एक मिळाली. जिना उंच, भाडं माझ्या आवाक्याच्या थोडं बाहेर, पण उत्तरेला दोन खिडक्या. बाबांना दाखवली, केशवरावांना खोली सोडते म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "आषाढात भिंत फोडली, म्हणून दोघेही चाललात!" मी त्यांच्या पाया पडले.

मग पुढच्या खोलीत गेले. आज हातात साडी नव्हती. तो खोक्यांत पुस्तकं भरत होता.

"मला खोली मिळाली," मी म्हणाले. "बरकतपुऱ्याला. उत्तरेच्या दोन खिडक्या आहेत. पुढच्या सोमवारी मशीन हलवणार."

त्याच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं. "बरं झालं," तो म्हणाला. जरा वेळाने पुन्हा, "बरं झालं. मला त्या गोदामवाल्याचीच काळजी होती."

"म्हणजे तुमच्या उजेडाची मला आता गरज नाही. कळलं?"

"कळलं."

"कसलीच गरज नाही. अडलेलं नाही माझं काही."

"कळलं हो सत्यवती. परत परत कशाला —"

"कारण आता विचारायला मोकळी झाले मी!" माझा आवाज चढला होता. "आधी विचारलं असतं तर खिडकीसाठी विचारलं असं झालं असतं. आता खिडकी माझी मला आहे. तरी मला तुम्ही पाहिजे आहात. पुण्याला जाऊ नका. थांबा."

तो खाली खोक्यावर बसला. धपकन.

"आणि तो फोन," मी म्हणाले, "झडपेखाली उभं राहून मुद्दाम केलात ना?"

"हौ."

"मग सरळ तोंडावर विचारायला काय झालं होतं?"

"भिंत फोडून दिली न् लगेच लग्नाचं विचारलं... तुम्हाला वाटलं असतं, उजेडाचा मोबदला मागतोय." तो माझ्याकडे बघत होता, डोळे भरलेले. "तुम्ही साखर उसनी घेत नाही, असं कुसुमताई सांगत होत्या."

मी कपाळाला हात लावला. महिनाभर दोघेही एकाच भिंतीला टेकून, एकाच कारणासाठी गप्प बसलो होतो.

त्याने खिशातून फोन काढला, लावला, आणि एवढंच म्हणाला, "आप्पा, विचारलं तिने." मग फोन माझ्या हातात दिला.

"काय गं पोरी," पलीकडून एक भरदार आवाज आला, "किती उशीर लावलास! हा रोज फोन करून सांगतोय, आज विचारेल, उद्या विचारेल. आमचं जेवणात लक्ष लागेना इकडं."

मी पदर सावरला. "चुकलं माझं, आप्पा," मी कशीबशी म्हणाले.

"ते जाऊ दे. तो काय म्हणाला?"

मी युवराजकडे बघितलं. एवढं सगळं बोलून झालं होतं, पण त्याने उत्तर दिलंच नव्हतं.

"आप्पा विचारतायत," मी म्हणाले, "तू काय म्हणालास?"

मी 'तू' म्हटलं तसा तो खोक्यावरून उठला. जवळ आला, माझ्या हातातल्या फोनशी वाकला, आणि माझ्याकडे बघतच म्हणाला, "थांबतोय म्हणावं."